चिंदी पांढरी निघेपर्यंत

आमच्या घराण्याची अब्रू एका मडक्यात मावते. हे मी गमतीनं म्हणत नाहीये, खरंच मावते, आणि वर थोडा गुलालही मावतो.

वडवणीच्या पुढं आमचं गाव आहे. तिथं दसऱ्याला शिवेवर एक उंच बांबू रोवतात, त्याच्या टोकाला गुलालानं भरलेलं मडकं टांगतात आणि आमच्या घरातल्या वडीलधाऱ्या माणसानं चाळीस पावलांवरून ठासणीच्या बंदुकीनं ते फोडायचं असतं. मडकं फुटलं, गुलाल उडाला, की मग गाव आपट्यावर तुटून पडतं, सोनं लुटायला. बार तीन मिळतात. तिन्ही हुकले तर मडकं दगडानं फोडतात आणि त्या वर्षी आमच्या घरातलं माणूस सोनं वाटताना समोरच्याच्या चपलांकडे बघून वाटतं. सलग तीन वर्षं हुकलं तर मान दुसऱ्या घराकडे जातो. हे कुठंही लिहिलेलं नाही. पण आमच्या गावात जे लिहिलेलं नसतं तेच लोक काटेकोर पाळतात.

आबांचं सलग दोन वर्षं हुकलं होतं.

आबा म्हणजे माझे आजोबा, मोहनराव. वय शहात्तर, मिशी त्याहून जुनी वाटते. मी त्यांची नात सत्यशीला, इयत्ता नववी ब. हे नाव आबांच्या आत्याचं आहे आणि ते मला माझ्या परवानगीशिवाय देण्यात आलं. हजेरी घेताना मॅडम 'सत्य'पर्यंत पोचतात, तेवढ्यात मी 'हजर' म्हणून मोकळी होते. घरात शीलू, आबांसाठी शीले.

पहिल्या वर्षी हुकलं तेव्हा गाव म्हणालं, आबांची नजर गेली. मग बाबांनी आबांना बीडला आणून मोतीबिंदूचं ऑपरेशन केलं. डॉक्टरांनी भिंतीवरची सगळ्यात खालची ओळ वाचायला लावली. आबांनी ती वाचलीच, वर त्याखाली छापखान्याचं बारीक नाव होतं तेही वाचून दाखवलं. असा कोरा करकरीत डोळा घेऊन आबा मागच्या दसऱ्याला उभे राहिले आणि तिन्ही बार हुकले.

"नजर न्हाई तर हात गेला म्हना की," असं अर्जुनकाका चारचौघांत म्हणाले. अर्जुनकाका आबांचे चुलत पुतणे. त्यांच्याकडे नवी डबलबारी बंदूक आहे आणि गावातल्या प्रत्येक चांगल्या झाडावर त्यांचा गॉगल घातलेला फ्लेक्स आहे. मान आमच्याकडून गेला तर तो त्यांच्याकडेच जाणार, हे त्यांना कुणी सांगायला नको होतं. तरी ते सगळ्यांना सांगत होते.

आता माझ्याकडे येऊ. यंदा मी एनसीसीच्या दहा दिवसांच्या कॅम्पला गेले होते. जाण्याआधी मी वर्गात उत्तर येत असूनही हात वर न करणारी मुलगी होते. कॅम्पमध्ये मला फायरिंगला पाच गोळ्या मिळाल्या आणि त्या पाचही कागदावर इतक्या जवळजवळ बसल्या, की वर आईची एक पुरी ठेवली तर सगळ्या झाकल्या जातील. आम्हाला शिकवणारे फौजी उस्ताद कुणाचं कौतुक करत नसत. त्यांनी माझ्या कागदाकडे पाहून नुसतं "हूं" केलं. त्या हूंनंतर मी बदलले. आता मी उत्तर येत नसलं तरी हात वर करते.

उस्तादांनी आम्हाला फायरिंग एक दिवस शिकवलं आणि सफाई नऊ दिवस. दोरीला कापडाचा तुकडा, म्हणजे चिंदी, अडकवायची, नळीतून ओढायची, चिंदीचा रंग बघायचा. काळी निघाली, पुन्हा ओढा. मातकट निघाली, पुन्हा ओढा. "चिंदी सफेद निकलनी चाहिए," हे वाक्य ते इतक्यांदा म्हणत, की परतल्यावर मी आईला पोळीचं पीठ भिजवताना तेच म्हणाले. आईनं लाटणं दाखवलं.

तर भाद्रपद संपत आलेला, आबा डोळ्यांच्या तपासणीसाठी आमच्याकडे बीडला आलेले, आणि चहाच्या वेळी मी सहज विचारलं, "आबा, बंदुकीची नळी शेवटची कधी साफ केली होती?"

आबांनी बशी खाली ठेवली. "नळी? नळी कावून साफ करायची? बंदूक हाय का तांब्या हाय?"

"म्हणजे कधीच नाही?"

"मुरलेली नळी हाय ती, शीले. माझ्या आज्यापासून मुरत आली. तुझ्या आईचा तवा बघ. रोज घासून काढला तर भाकर सुटंल का?"

आईनं आतून "अगदी बरोबर" असं म्हटलं, आणि मला कळलं की हा लढा दोन आघाड्यांवर आहे.

"आबा," मी म्हणाले, "डोळा धुऊन आणला. नळीनं काय पाप केलंय?"

आबांनी अख्खा चहा संपवला. मग मिशी पुसली आणि म्हणाले, "बंदूक ठाण्यात हाय."

आमच्या घरात यालाच होकार म्हणतात.

ठाण्यात असण्याचं कारण असं, की विधानसभेच्या आचारसंहितेत सगळ्यांनी आपापली हत्यारं पोलिसांकडे जमा केली होती. निवडणूक झाली, गुलाल झाला, बाकीच्यांनी आपापल्या बंदुका परत नेल्या, आबांनी नेली नाही. त्यांना तिचं तोंड बघवत नव्हतं, असं आईचं मत. बाबांचं मत, जमा पावती सापडत नव्हती. बाबांचं नाव अमरसिंह आहे. ते एका सरकारी कचेरीत लिपिक आहेत आणि पावतीशिवाय ते देवाकडेही काही मागत नाहीत. पावती शेवटी माझ्या भूमितीच्या पुस्तकात सापडली. याबद्दल मला बोलणी बसली, आणि मी भूमितीचं पुस्तक जूनपासून उघडलं नव्हतं ही वेगळीच बातमी त्यातून फुटली.

वडवणीच्या ठाण्यात धर्मराज जमादार होते. त्यांनी पावती पाहिली, परवाना पाहिला, अर्ज पाहिला, अर्जाखाली बाबांनी 'आपला विश्वासू' लिहिलेलं पाहून बाबांकडे पाहिलं. मग नोंदवही उघडली.

"ठासणीची बंदूक एकनळी, नग एक. गज, नग एक." त्यांनी बंदूक आणून टेबलावर ठेवली. गज नव्हता.

गज म्हणजे ती लांब लोखंडी कांब, जिनं नळीत दारू आणि गोळी ठासतात. गजाशिवाय ठासणीची बंदूक म्हणजे मुसळाशिवाय उखळ. ठासताही येत नाही आणि मला तर साफही करता येणार नव्हतं.

"गज कुठं हाय, जमादार?" आबांनी विचारलं.

"गज? असंल की. लिहिलंय म्हंजे हाय." जमादारांनी मालखाना पाहिला, कपाटामागं पाहिलं, टेबलाखालीही वाकून पाहिलं. बाबा हळूच म्हणाले, की मग आपण गज गहाळ झाल्याबाबत एक अर्ज देऊ. त्या सगळ्या वेळात मी समोर पाहत होते. समोर मोठ्या साहेबांच्या खोलीच्या दाराला हिरवा पडदा होता. तो पडदा एका फारच जुन्या, फारच सरळ, एका टोकाला खाच असलेल्या लोखंडी कांबेवर लटकत होता.

"काका," मी म्हणाले, "साहेबांच्या पडद्यात काय आहे?"

जमादारांनी पडदा पाहिला, गज पाहिला, मला पाहिलं.

"कितवीला हाय ही?"

"नववी ब," मी म्हणाले.

"लई पुढं जाईल," जमादार म्हणाले, पण आनंदानं नाही. "आता गज दिला तर पडदा कशावर लावू? साहेब चारला येणार."

इथं आबांनी जे केलं ते फक्त आबाच करू शकतात. त्यांनी आपली काठी पुढं केली. धर्मराज जमादारांनी काठीत पडदा ओवला, ती खिळ्यांवर चढवली, दोन पावलं मागं जाऊन पाहिलं आणि मान डोलावली. मग बाबांच्या आग्रहावरून पावती फाडली. 'काठी, बांबूची, नग एक.' आम्ही बंदूक गोधडीत गुंडाळून एसटीनं बीडला आलो. काठी नसल्यामुळं आबा एका हातानं माझा खांदा धरून चालत होते आणि मला एकदम दोन इंच उंच झाल्यासारखं वाटत होतं.

घटस्थापनेच्या दुसऱ्या दिवशी मी सफाईला बसले. जागा, मागचं न्हाणीघर. साहित्य, बंबातलं कढत पाणी, भांड्यांचा साबण, नरसाळं, आणि बाबांच्या जुन्या बनियनांच्या अडतीस चिंद्या. (बनियन जुने नव्हते असं बाबांचं म्हणणं आहे. तो वाद अजून मिटलेला नाही.) मी नरसाळ्यानं कढत पाणी नळीत ओतलं.

आता मला एक गोष्ट कुणीतरी आधी सांगायला हवी होती. जुन्या दारूची काजळी गंधकाची असते. तिच्यावर कढत पाणी पडलं की जो वास सुटतो तो हुबेहूब सडक्या अंड्याचा असतो. एका अंड्याचा नाही. अख्ख्या क्रेटचा.

आमच्या घरात घट बसलेले. आईचे नऊ दिवसांचे उपास. कॉलनीत डाव्या-उजव्या बाजूला सगळ्यांकडे घट. आणि आमच्या न्हाणीघराच्या जाळीतून तो वास गल्लीत बाहेर पडला, रमतगमत कोपऱ्यापर्यंत गेला आणि परत आला. पाच मिनिटांत समोरच्या काकू कठड्याशी. दहा मिनिटांत उत्तरेश्वरकाका दारात. उत्तरेश्वरकाका एसटीच्या वर्कशॉपमधून निवृत्त झालेत आणि कॉलनीचे सेक्रेटरी आहेत. म्हणजे निवृत्त झालेलेच नाहीत.

"वनमालाताई," ते आईला फार दुःखी आवाजात म्हणाले, "इतर दिवशी आमचं काही म्हणणं नसतं. पण माळेच्या दिवसांत अंडी?"

माझी आई कांद्या-लसणाची साल दारात पडली तर नवरात्रात ती चिमट्यानं उचलते. तिचं तोंड आधी पांढरं झालं, मग लाल. "अंडी नाहीत हो भाऊजी," ती म्हणाली. "बंदूक आहे."

समोरच्या काकूंनी तेवढ्यात विचारून घेतलं, "पुढच्या वर्षी दहावी ना हिची?"

उत्तरेश्वरकाका मात्र न्हाणीघरात आले, आणि तिथून पुढं गेलेच नाहीत. लोखंड दिसलं की त्यांचं असंच होतं. "पाण्यानं कुठं लोखंड धुतात का? डिझेल टाक." मी म्हणाले, उस्ताद पाणीच म्हणाले होते. "तुझ्या उस्तादानं किती इंजिनं उतरवली?" मी म्हणाले, त्यांनी कारगिलला ड्युटी केलीय. त्यावर काका थोडे नरमले, स्टूल घेऊन बसले आणि रोज संध्याकाळी येऊन बसू लागले. आबा दाराच्या उंबऱ्यात. आत मी. गजाच्या खाचेत चिंदी अडकवायची, घालायची, फिरवायची, ओढायची.

पहिल्या दिवशीच्या चिंद्या डांबरासारख्या निघाल्या. दुसऱ्या दिवशी जांभळट काळ्या. तिसऱ्या दिवशी काजळीच्या अख्ख्या खपल्याच निघाल्या आणि एक सुकलेली गांधीलमाशी. आबा प्रत्येक खपली हातात घेऊन पाहत. "ही माझ्या बापाच्या बाराची असंल," असं एकीबद्दल म्हणाले आणि ती कागदात बांधून खिशात ठेवली. मला हसू आलं, पण मी हसले नाही. कॅम्पनंतर मला हेही जमायला लागलंय.

चौथ्या दिवशी चिंदी राखाडी निघाली आणि मी मोबाइलची बॅटरी लावून नळीत डोकावले. मग मी ओरडले. आबा, काका, आई, बाबा, सगळे न्हाणीघरात जमा झाले. चौघांना तिथं उभं राहायला जागा नव्हती.

नळीच्या आत आटे होते. जिन्यासारखे गोल गोल वळत गेलेले, बारीक, सुंदर आटे. तीन पिढ्या सगळे जिला साधी बंदूक समजत होते ती मुळात रायफल होती! आटे गोळीला फिरकी देतात आणि फिरकी मिळाली की गोळी सरळ जाते. आमचे आटे काजळीनं गच्च बुजले होते, म्हणून गोळी आपल्या मनाला येईल तिकडं जात होती आणि बोलणी मात्र आबांचा डोळा खात होता.

मी हे सगळं एका दमात सांगितलं. आबा बराच वेळ एक डोळा मिटून नळीत पाहत राहिले. "आज्याला म्हाईत असंल," एवढंच म्हणाले.

बाबांना मात्र घाम फुटला. "परवान्यात 'बंदूक' लिहिलंय. 'रायफल' नाही लिहिलेलं. शीलू, तू आत डोकावलीसच कशाला?"

"परत काजळी भरा," उत्तरेश्वरकाकांनी सुचवलं.

बाबांनी त्याच दिवशी परवान्यात दुरुस्ती व्हावी म्हणून तीन प्रतींत अर्ज लिहिला. तो अजून फिरतोय. बाबा म्हणतात, अर्ज फिरतोय म्हणजे तो जिवंत आहे.

पाचव्या दिवशी चिंदी पांढरी निघाली. दोन्ही बाजूंनी. मी ती देव्हाऱ्यात ठेवणार होते, पण आईनं देवघराजवळ येऊ दिली नाही.

दसऱ्याला आम्ही सकाळीच गावी गेलो. उत्तरेश्वरकाकाही बरोबर आले, "एवढं काम केलंय, निकाल नको का बघायला?" म्हणून. काम त्यांनी केलं होतं स्टुलावर बसण्याचं. पण तेवढ्यावर ते थांबले असते तर बरं झालं असतं. घरी शस्त्रपूजा झाली, बंदुकीला हळदकुंकू लागलं, झेंडूचं फूल लागलं. मी आपट्याच्या पानांची टोपली भरायला मागच्या अंगणात गेले, आणि तेवढ्यात काकांनी पिशवीतून आपली तेलाची बुधली काढून नळीत चांगलं अर्धपाव तेल सोडलं. "लोखंडाला तेलाशिवाय चैन पडत नाही," असं ते नंतर म्हणाले. नंतर म्हणजे फारच नंतर.

शिवेवर गाव जमलं होतं. मागं नाल्याचा उंच बांध, त्याच्यापुढं बांबूवर मडकं, मडक्याच्या डावीकडे दोन हातांवर एक वाळकी बाभूळ. त्या बाभळीवर यंदा नवा फ्लेक्स होता. दसऱ्याच्या हार्दिक शुभेच्छा, खाली गॉगल घातलेले अर्जुनकाका, दोन्ही हात जोडून. खरे अर्जुनकाकाही गॉगल घालूनच उभे होते. धर्मराज जमादार बंदोबस्ताला आले होते आणि त्यांच्या हातात आबांची काठी होती. "साहेबांनी नवा गज आणला," त्यांनी कळवलं. "पडद्याचा."

आबांनी पहिला बार भरला. दारू, चिंदीत गुंडाळलेली शिशाची गोळी, गजानं ठासणी, शेवटी ठिणगी पाडणारी टोपी. नेम धरला. घोडा पडला आणि 'टक्' असा आवाज झाला. फक्त टक्. मग नळीच्या तोंडातून तेलाचा एक थेंब निघाला आणि आबांच्या पायावर पडला.

"आबा, फोडणी बसली न्हाई वाटतं!" कुणीतरी ओरडलं. लोक हसले. मी वळून उत्तरेश्वरकाकांकडे पाहिलं. काका ढगांकडे बघत होते.

जमादारांनी तो बार मोजला. भिजलेला बार उपसून, सगळं कोरडं करून, नव्यानं ठासून टोपी बसवायला मला पाव तास लागला. "पोरीला कशाला हात लावू देता?" असं एक म्हातारबाबा म्हणाले. आबा म्हणाले, "तिनंच धुतलीय."

दुसरा बार. मी आबांच्या मागं उभी राहून नळीच्या रोखानं पाहिलं. नळी मडक्याकडे नव्हतीच. ती चक्क दोन हात डावीकडे होती. आबांची नजर खरंच गेली, असं वाटून मला रडू यायच्या बेतात होतं. मी "आबा" म्हणेपर्यंत बार उडाला.

धूर विरला. मडकं जागच्या जागी होतं. फ्लेक्सवरच्या अर्जुनकाकांच्या गॉगलच्या डाव्या काचेत मात्र, अगदी मधोमध, एक स्वच्छ गोल भोक होतं. त्यातून पलीकडचा बांध दिसत होता.

मग जो गोंधळ झाला तो मी लिहीत नाही. खरे अर्जुनकाका नकळत स्वतःच्या गॉगलला हात लावून बघत होते. "माज्या फोटूवर गोळी! जमादार, लिहून घ्या!" जमादारांनी वही काढली. बाबा कुठं जायचं ते न कळून जागच्या जागी फिरत होते.

आणि मला एकदम कळलं. इतका सरळ नेम, इतका स्थिर हात. गोळी जिथं धरली तिथंच लागली होती. बंदूक शहाणी झाली होती. चूक दुसरीकडे होती.

"आबा," मी त्यांच्या कानाशी म्हणाले, "डावीकडं कावून धरलात?"

आबांनी इकडंतिकडं पाहिलं. "घराण्याचा नेम हाय तो," ते पुटपुटले. "बापानं कानात सांगितलेला. त्याला त्याच्या बापानं. मडक्यावर धरायचा न्हाई. बाभळीच्या ढोलीवर धरायचा, मडकं फुटतंय. आज ढोलीवर हा अर्जुन्या बसलाय, मी अंदाजानं धरला."

म्हणजे तीन पिढ्यांनी बंदूक धुतली नव्हती, उलट घाणीचा हिशोब करून नेमच वाकडा केला होता, आणि तो वाकडा नेम गुपित म्हणून जपला होता! घाण वाढत गेली, गोळी आणखी भरकटली, आणि गुपित पुरेनासं झालं.

"आबा, आता मडक्यावर धरा. सरळ."

"बापानं सांगितलंय, शीले."

"बापाच्या वेळी नळी काळी होती."

शेवटचा एक बार राहिला होता. मी घाईघाईनं ओली चिंदी गजावर चढवली, मागच्या बाराची काजळी पुसून काढली, मग कोरडी फिरवली. "बंदुकीला न्हाऊमाखू घालताय का?" लोक ओरडत होते. "वेणी बी घाला!" अर्जुनकाकांची माणसं मडकं फोडायला दगड शोधू लागली होती. आबांनी तिकडं न बघता शेवटचा बार ठासला.

आबांनी बंदूक उचलली. नळी सवयीनं डावीकडे गेली. थांबली. त्यांनी मान न वळवता विचारलं, "पांढरी निघाली व्हती का?"

"दोन्ही बाजूंनी, आबा."

नळी हळूहळू उजवीकडे आली. दोन हातांचं अंतर ते. आबांना ते किती लांब पडलं असेल हे मला त्यांच्या मानेच्या शिरेवर दिसत होतं.

बार झाला, आणि बांबूच्या टोकावर मडक्याच्या जागी नुसता गुलाल उरला. तो क्षणभर तिथंच लटकल्यासारखा राहिला, मग सगळ्यांच्या डोक्यांवर आला. गाव आपट्याकडे पळालं. उत्तरेश्वरकाका रडत होते आणि भेटेल त्याला "तेल मी घातलं होतं" असं सांगत होते.

अर्जुनकाका तेवढे जागचे हलले नाहीत. त्यांच्या डोक्यावरही गुलाल होता. जमादार वही उघडून शेजारी.

"आबा, खरं सांगा," काका म्हणाले. "दुसरा बार चुकला का धरून हानला?"

मी आबांकडे पाहिलं. धरून हाणला म्हणावं तर गुन्हा. चुकला म्हणावं तर, तो बार आबांच्या आयुष्यातला सगळ्यात अचूक बार होता. सबंध गावात हे फक्त आम्हा दोघांना माहीत होतं.

आबांनी मिशीवरचा गुलाल पुसला.

"चुकला, अर्जुना," ते म्हणाले. "म्हातारपन हाय. चुकतंय कधी कधी."

अर्जुनकाकांनी त्यांच्याकडे पाहिलं, फ्लेक्सकडे पाहिलं. मग वाकून पाया पडले आणि आपट्याची पानं आबांच्या हातात दिली. जमादारांनी वही मिटली, काठी परत केली, आणि बाबांकडून पोच लिहून घेतली. जाताजाता अर्जुनकाका माझ्याजवळ थांबले. "डबलबारी पन धुयाची असती का गं?" त्यांनी हळूच विचारलं. मी म्हणाले, घेऊन या, पण नवरात्र सोडून.

दिवेलागणीला घरी सोनं वाटून झालं. आबांनी यंदा प्रत्येकाच्या डोळ्यांत बघून वाटलं. मग त्यांनी मला ओट्यावर जवळ बोलावलं, खिशातून ती खपलीची कागदाची पुडी काढून माझ्या तळहातावर ठेवली आणि कानाशी वाकले. मिशी गुदगुल्या करत होती.

"शीले, ध्यानात ठेव. पुढं तुला लागंल. घराण्याचा नेम." त्यांनी दाराकडे बघून घेतलं. "मडक्यावर धरायचा."

"एवढंच?"

"एवढंच. पन आधी नळी धुयाची."

बाबा उंबऱ्यात उभे होते. "काय गं, काय सांगितलं आबांनी?"

मी पुडी मुठीत धरली. "घराण्याचं गुपित आहे, बाबा," मी म्हणाले. "हवं असेल तर अर्ज करा. तीन प्रतींत."